आठ आठवड्यांची मावशी

पत्र :

‘प्रिय ताई, आम्ही गेली अकरा वर्षं परदेशात राहतो. घरी मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करण्याची सोयच नाही अशा देशांतून इथली एक संस्था मुलांना उपचारासाठी आणते. प्रवास आणि हॉस्पिटलचा खर्च देणग्यांतून होतो. आईवडील सोबत येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मूल एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात राहतं. आम्ही नाव नोंदवून ठेवलं होतं आणि आता फोन आलाय. चार वर्षांची मुलगी आहे, टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयाचा जन्मजात आजार आहे आणि मुक्काम साधारण आठ आठवडे. नवरा म्हणतो, एका मुलीला विमानानं आणण्यापेक्षा तोच पैसा तिथे हॉस्पिटल उभारायला द्यावा. माझी भीती वेगळी आहे. मला तिची भाषा येत नाही. ती मला आई म्हणायला लागली तर? माझाच जीव गुंतला आणि तिला परत पाठवताना मी कोसळले तर? मुळात चार वर्षांच्या लेकराला आईपासून तोडून आणणं हेच क्रूर नाही का? होकार देऊ का? आणि दिला तर तिची खोली कशी तयार करू?’

उत्तर :

होकार द्या. ताटकळत ठेवू नये म्हणून हे आधी सांगितलं. बाकीचं पत्र होकार दिल्यानंतर काय करायचं याबद्दल आहे, कारण खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

मी स्वतः दोन वेळा अशी मुलं घरी ठेवली आहेत. पहिल्या वेळी बऱ्याच गोष्टी चुकल्या. त्यातली एक तुम्हाला सांगायलाच हवी.

साडेतीन वर्षांचा मुलगा होता. विमानतळावर सोबतीच्या स्वयंसेविकेनं त्याला माझ्या हाती दिलं तेव्हा गळ्यात कागदपत्रांचं पाकीट, पाठीला छोटीशी पिशवी आणि अंगाभोवती एक विटलेलं सुती कापड होतं. कापडाला धुराचा, तेलाचा आणि कोणाच्या तरी अंगाचा वास येत होता. पोर प्रवासानं मळलेलं होतं. मी त्याला आंघोळ घातली, नवे कपडे घातले आणि ते कापड वॉशिंग मशीनमध्ये टाकलं. चांगलं सुवासिक, मऊ करून सकाळी त्याच्या उशाशी घडी करून ठेवलं. त्यानं ते उचललं, नाकाशी नेलं, क्षणभर तसंच धरलं आणि खाली ठेवलं. पुन्हा कधीही हातात घेतलं नाही. त्याच्या आईनं सोबत दिलेली शेवटची गोष्ट मी एका रात्रीत धुऊन टाकली होती, आणि तीही प्रेमापोटी.

तो रडला नाही. मला वाटलं, किती लवकर रुळला! हा गैरसमज पुढे मी अनेक घरांत पाहिला. शांत मूल म्हणजे रुळलेलं मूल नव्हे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या मानसोपचार क्लिनिकमधल्या जेम्स रॉबर्टसन यांनी 1948 पासून हॉस्पिटलातल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. त्या काळी आईवडिलांना आठवड्यातून जेमतेम तासभर भेटू देणारी हॉस्पिटलं होती, आणि ‘मुलं दोन दिवस रडतात, मग शहाणी होतात’ असं तिथे ठामपणे सांगितलं जायचं. रॉबर्टसन यांनी दाखवलं की ते शहाणपण नसतं. आधी मूल आकांत करतं, मग हताश होतं आणि शेवटी आतून दार लावून घेतं. तिसऱ्या अवस्थेत ते हसतं, खेळतं, जेवतं, आणि आई आली की तिच्याकडे पाठ फिरवतं. पुढे ब्रिटनमध्ये 1959 च्या प्लॅट समितीनं भेटीच्या वेळांची बंधनं काढून टाका असं सांगितलं, त्यामागे हे काम होतं.

तेव्हा तुमचा ‘क्रूर नाही का’ हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. हा वियोग मुलाला दुखावतोच. मात्र याच रॉबर्टसन यांची पुढची गोष्टही ऐका. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि त्यांच्या पत्नी जॉयस यांनी चार लहानग्यांना एकेक करून स्वतःच्या घरी ठेवलं. मुलं दीड ते अडीच वर्षांची. आई बाळंतपणासाठी हॉस्पिटलात. मूल येण्याआधी त्यांनी त्याच्या सवयी विचारून घेतल्या, आईचा फोटो जवळ ठेवला, रोज आईबद्दल बोलत राहिले, आणि मूल सांभाळणारी व्यक्ती बदलली नाही. मुलं कावरीबावरी झाली, पण मोडली नाहीत. त्याच सुमारास त्यांनी पाहिलेला सतरा महिन्यांचा एक मुलगा मात्र नऊ दिवस पाळणाघरासारख्या संस्थेत होता. तिथल्या नर्सेस वाईट नव्हत्या, फक्त सतत बदलत होत्या. नऊ दिवसांनी आई न्यायला आली तेव्हा तो तिच्याकडे जाईना.

आई जवळ नसणं हा घाव आहेच. आई कोणाच्याच बोलण्यात नसणं हा त्याहून मोठा घाव आहे, आणि तो टाळणं तुमच्या हातात आहे. माझ्या मते यजमान घराचं सगळं काम एवढ्यातच येतं: त्या आईची जागा आठ आठवडे राखून ठेवायची. तिथे आपण बसायचं नाही, ती राखायची.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघू. टेट्रालॉजी ऑफ फॅलोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद असते. त्यामुळे अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाताच शरीरभर फिरतं. ओठ, नखं निळी पडतात. शस्त्रक्रिया झाली नाही तर चारातलं जेमतेम एक मूल दहा वर्षांचं होतं. झाली तर चांगल्या केंद्रांत 100 पैकी 97-98 मुलं त्यातून सुखरूप बाहेर येतात आणि बहुतेक जण मोठी होऊन नोकऱ्या करतात, संसार करतात. त्या आईनं हा हिशोब केलाय. तो करताना तिची काय अवस्था झाली असेल याची आपण फक्त कल्पना करू शकतो. तिनं निवड केलेली आहे. ती तडीला न्यायला माणसं लागतात, इतकंच.

‘आईला का आणत नाहीत’ हे मीही तावातावानं विचारलं होतं. कारणं ऐकून पूर्ण समाधान झालं नाही, पण समजली. आईच्या मागे घरी बहुधा आणखी लेकरं असतात. तिचा व्हिसा, तिकीट, दोन महिन्यांचा मुक्काम यांच्या खर्चात कधी कधी दुसऱ्या मुलाचा प्रवास निघतो. शिवाय एखादं मूल सामावून घ्यायला तयार असणारी घरं जितकी मिळतात, तितकी आई आणि मूल दोघांना ठेवणारी मिळत नाहीत. फ्रान्समधली मेसेना शिरुर्जी कार्दियाक ही संस्था 1996 पासून याच पद्धतीनं चालते: आई-बाबा घरी, मूल स्वयंसेवकासोबत विमानात आणि मग यजमान कुटुंबात. जर्मनीत ओबरहाउझेन इथे 1967 मध्ये सुरू झालेलं फ्रीडेन्सडॉर्फ, म्हणजे शांतिग्राम, मुलांना हॉस्पिटलनंतर एकत्र एका वसाहतीत ठेवतं. तिथे आपल्यासारखीच पट्ट्या बांधलेली पोरं भोवती असतात, हा त्यातला मोठा दिलासा. 1988 मध्ये लायडन इथे युरोपातल्या संघटनांनी हॉस्पिटलातल्या मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद केली. मुलाजवळ आईवडील किंवा त्यांच्या जागी असलेली व्यक्ती सदैव असावी, असं तिचं दुसरं कलम म्हणतं. त्या ‘त्यांच्या जागी असलेल्या व्यक्ती’त आता तुम्ही येता. म्हणून संस्थेला आत्ताच विचारा: आयसीयूत मला किती वेळ बसू देतील? रात्री वॉर्डात झोपता येईल का? उत्तर गुळमुळीत आलं तर सोडू नका. ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. ते चूक नाही. जन्मणाऱ्या दर हजार बाळांत आठ-दहा बाळांच्या हृदयात जन्मतःच काही दोष असतो. सगळ्यांना विमानानं आणणं कोणालाच शक्य नाही. म्हणून मुलं आणणाऱ्या बऱ्याच संस्था दुसऱ्या बाजूनं तिथले डॉक्टर, नर्सेस घडवतात, पथकं पाठवतात, केंद्रं उभी करतात. सेनेगलमध्ये डाकारला 2017 मध्ये मुलांच्या हृदयविकाराचं केंद्र सुरू झालं, त्यामागे ला शेन द लेस्पुआर ही फ्रेंच संस्था होती. याच संस्थेनं त्याआधी वर्षानुवर्षं मुलं फ्रान्सला आणली होती. पण हॉस्पिटल उभं राहायला दहा वर्षं लागतात आणि ही मुलगी आज चार वर्षांची आहे. तुमच्या नवऱ्याला देणगी हॉस्पिटलसाठी द्यायची असेल तर जरूर द्यावी, आणि मुलीला न्यायला विमानतळावरही यावं. घरातला एक माणूस मनातून नाराज असताना मात्र मूल आणू नका. त्यांच्याशी हे बोलणं आधी पुरतं होऊ दे.

ती यायच्या आधीचा महिना सर्वांत मोलाचा आहे. संस्थेमार्फत तिच्या आईशी, नुसती चिठ्ठीचपाटी नव्हे, दुभाषा घेऊन निवांत बोला. झोपताना कशी झोपते? पोटावर, कुशीवर, कोणाला चिकटून? अंधार चालतो का? शू लागली की काय म्हणते? दुखलं की काय म्हणते? घाबरली की कुठे लपते? लाडानं काय हाक मारता? आईच्या आवाजात दहा-पंधरा शब्द रेकॉर्ड करून मागवा: पाणी, भूक, दुखतंय, शू, थंडी, थांब, झालं, मी इथेच आहे. तुमचे उच्चार चुकतील, ती हसेल, उत्तमच. तिला झोपवताना आई जे गुणगुणते तेही मागवा. मी दुसऱ्या वेळी मागवलं होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री आयसीयूत त्या मुलीच्या कानाशी फोन धरून तिच्या आईचा आवाज लावला. डोळे उघडले नाहीत, पण मुठीत धरलेलं माझं बोट तिनं सोडलं आणि हात फोनकडे नेला.

आईला एक विनंती नक्की करा: मुलीला खरं सांगा. ती झोपेत असताना किंवा खेळात रमलेली असताना गुपचूप हवाली करू नका. ‘तू विमानानं जाणार आहेस, डॉक्टर तुझी छाती बरी करतील, मी येणार नाही, एक मावशी असेल, मग तू घरी येणार आहेस.’ मूल आकांत करेल, करू दे. ज्या मुलाची आई निरोप न घेता नाहीशी झाली, ते मूल नंतर कोणालाच नजरेआड होऊ देत नाही, बाथरूमचं दारसुद्धा लावू देत नाही. माझ्याकडचा पहिला मुलगा तसाच आला होता.

‘आई म्हणाली तर’ हा तुमचा प्रश्न. म्हणेल. त्यानं हरखून जाऊ नका. मी हरखले होते. शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर त्या पहिल्या मुलाची आई त्याला हाक मारत होती आणि त्यानं तोंड फिरवून माझ्या खांद्यात खुपसलं. पडद्यावरची ती बाई हसली आणि पदरानं पुसतात तसं डोक्यावरच्या कापडानं तिनं डोळे पुसले. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या वेळी पहिल्या दिवसापासून मी स्वतःकडे बोट दाखवून ‘मावशी’ म्हणत राहिले आणि फोटोकडे बोट दाखवून तिच्या भाषेतला आईसाठीचा शब्द. मराठीनं आपलं काम सोपं करून ठेवलंय: जवळची, हक्काची, पण आई नव्हे, यासाठी आपल्याकडे हा एक शब्द तयार आहे. फोटो मोठा करून तिच्या उंचीवर, भिंतीवर लावा. ती त्याला शिवू शकली पाहिजे.

कॉल आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. कॉलनंतर मुलगी बिथरते, रडते, म्हणून काही घरं कॉल कमी करतात. तसं करू नका. रडणं हा बंध जिवंत असल्याचा पुरावा आहे. शस्त्रक्रियेनंतर नळ्या लावलेलं लेकरू आईला दाखवण्याआधी दुभाषाकरवी नीट सांगा काय दिसणार आहे, आणि बघायचं की नाही हे तिला ठरवू द्या.

आजाराबद्दल हॉस्पिटल तुम्हाला सूचना देईलच आणि त्याच प्रमाण. तरी काही गोष्टी डोळ्यांसमोर असू द्या. शस्त्रक्रियेआधी ही मुलगी थोडं धावली की मध्येच उकिडवी बसेल. तिला उठवू नका, ‘चल चल’ करू नका. पाय दुमडून बसल्यानं तिच्या फुप्फुसांकडे जास्त रक्त जातं. कोणी न शिकवता ती स्वतःवर उपचार करत असते. रडता रडता अचानक जास्त निळी पडली, धाप लागली, मलूल झाली तर गुडघे छातीशी दाबून धरा, आवाज शांत ठेवा आणि लगेच तातडीच्या नंबरवर फोन करा. या मुलांचं रक्त दाट असतं, म्हणून पाणी कमी पडू द्यायचं नाही. उलट्या किंवा जुलाब झाले तर ‘उद्या बघू’ नको. दात आधी तपासून घेतील, कारण किडक्या दातातले जंतू हृदयापर्यंत जातात. पहिल्या दिवसापासून ब्रश तुमच्यासोबत, आरशासमोर.

नंतर छातीचं हाड जुळायला सहा-आठ आठवडे लागतात. तोवर बगलेत हात घालून उचलायचं नाही. एक हात पाठीमागे, एक ढुंगणाखाली. हे तुमच्या मुलालाही शिकवा, तोच लाडात येऊन उचलायला जाईल. ताप, धाप, जखमेतून पाणी यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन.

आणि एक दृश्य तुमच्या वाट्याला येईल. भूल उतरल्यावर काही दिवसांनी ती स्वतःचे हात बघेल. माझ्याकडच्या मुलीनं दहाही बोटं समोर धरली, मग माझा हात ओढून शेजारी ठेवला, माझी नखं बघितली, तिची बघितली. गुलाबी. ती काही बोलली नाही. दिवसभर हात खिशात घालायला तयार नव्हती.

तुमच्या सात वर्षांच्या मुलाला विचारल्याशिवाय त्याची खेळणी वाटून देऊ नका. त्याच्या दोन-तीन गोष्टी ‘फक्त त्याच्या’ म्हणून कपाटात जाऊ देत. कॅलेंडरवर तिची यायची आणि जायची तारीख त्यालाच लिहायला सांगा. संध्याकाळी अर्धा तास तुम्ही फक्त त्याच्या. तो म्हणेल, ‘ती कधी जाणार?’ आणि चार आठवड्यांनी म्हणेल, ‘तिला इथेच ठेवू या ना.’ दोन्हींना एकच उत्तर: तिची आई वाट बघतेय.

हेच उत्तर स्वतःलाही द्यायचंय. तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींमधून मला दिसलं: ‘आम्हीच ठेवून घेतलं तर?’ हा विचार येतो. चांगल्या घरांत येतो, आपुलकीपोटी येतो. तो कोणापाशीही, विशेषतः मुलीपाशी, बोलून दाखवू नका. गरिबी हे मूल सोडून देण्याचं कारण नसतं, आणि त्या आईनं मूल दिलेलं नाही, उपचारासाठी पाठवलंय. तुमचा जीव गुंतेल. तिला पोचवून घरी याल तेव्हा छोटी चप्पल सोफ्याखाली सापडेल आणि तुम्ही रडाल. त्या आठवड्यात पाहुणे बोलावू नका, सुट्टी मिळाली तर घ्या. कोसळण्याची तुम्हाला भीती वाटते; मी दोन्ही वेळा कोसळले, आणि पंधरा दिवसांत सावरलेही.

बॅग भरताना हात आखडता घ्या. खेळण्यांनी फुगलेली सुटकेस घेऊन उतरलेलं मूल भावंडांमध्ये परकं होतं. तिच्या आईला, भावंडांना पुरेल असं थोडं काही, आणि ती आली त्या कपड्यांमधलं जे अजून अंगाला येतं ते घालून पाठवा. ऑपरेशनचा अहवाल, इकोची सीडी, औषधांची यादी यांच्या दोन-दोन प्रती, तिथल्या डॉक्टरला वाचता येईल अशा भाषेत. या आजारात शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाकडच्या झडपेतून रक्त मागे गळत राहू शकतं आणि त्याचा त्रास अनेक वर्षांनी दिसू शकतो, म्हणून दरवर्षी तपासणी लागते, जन्मभर. ती तिथे कोण करणार, हे संस्थेला नावानिशी विचारा. तिचे फोटो मात्र कुठेही टाकू नका. छातीवरच्या टाक्यांचे तर नाहीच. ती उद्या मोठी होणार आहे.

घरी गेल्यावर पहिले काही दिवस ती आईकडे जाणार नाही, किंवा तुमच्या भाषेत पाणी मागेल आणि आईला कळणार नाही. हे आईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती ते मनाला लावून घेणार नाही. तुमच्याकडे तिच्या तोंडी बसलेल्या नव्या शब्दांची यादी अर्थासकट तिच्या बॅगेत ठेवा.

आणि खोली. रंग देऊ नका, नवे पडदे नकोत. ती चार वर्षं बहुधा एकटी झोपलेलीच नसेल. पहिल्या रात्री गादी तुमच्या पलंगाशेजारी जमिनीवर घाला, मंद दिवा चालू ठेवा, आईचा फोटो हाताशी. आणि ती जे काही पांघरून येईल, ते धुऊ नका.